माफी नको, प्रश्न विचारा

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या उर्दू ज्युनिअर कॉलेजातून बारावी होऊन पुढे बी.कॉम. झालेली एक मुलगी. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिनं मला गोष्ट लिहायची परवानगी दिली आहे, नाव लिहायची नाही. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालताना तोल जातो, हात थरथरतात आणि बोलताना शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. डोकं मात्र लख्ख. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. सोलापुरात असं घर दर गल्लीत सापडेल.

एका पतसंस्थेत क्लार्कची जागा निघाली. तिनं अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं आणि मी मोठ्या उत्साहानं तिच्यासोबत गेले. मलाही आत बसू दिलं. समोर तीन गृहस्थ. पहिला प्रश्न आला, "कॉम्प्युटर येतो का?" मी म्हणाले, "येतो सर. टॅली झालंय, एमएस-सीआयटीही आहे." दुसरा प्रश्न, "रोज येणं-जाणं कसं करणार?" मी म्हणाले, "भाऊ सोडेल." तिसरा, "महिन्याच्या शेवटी गर्दी असते, झेपेल का?" मी म्हणाले, "फार हुशार आहे हो, एक संधी देऊन तर बघा." चार मिनिटांत मुलाखत संपली. "कळवतो" म्हणाले.

रिक्षात बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग आपल्या दखनीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "टीचर, नौकरी तो तुमनाच लगेगी वहाँ."

मी हसले. घरी आल्यावर ते हसू उतरलं. त्या खोलीत तीन माणसं तिला ओळखत नव्हती, म्हणून तिच्याशी बोलली नाहीत. मी तिला सहा वर्षं ओळखत होते, तरी मीही तिला बोलू दिलं नाही. त्या तिघांनी तिला नाकारलं असेल तर ते नंतर. तिच्या तोंडचा घास आधी मीच काढून घेतला होता.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. केलं तेव्हा विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक पाठ होता. प्रकार, व्याख्या, कारणं असं सगळं पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पास झाले. वर्गात आल्यावर मात्र मी तेच केलं जे माझ्या शिक्षकांनी केलं होतं. अशी मुलं पहिल्या बाकावर बसवायची, त्यांच्याशी प्रेमानं बोलायचं, तोंडी परीक्षेत दोन गुण जास्त द्यायचे, कवायतीतून सूट, भाषणातून सूट, वर्ग झाडण्यातून सूट. मोठ्यानं वाचायला सांगायचं नाही, कारण मुलं हसतील. प्रश्न विचारायचा नाही, कारण उत्तर यायला वेळ लागेल आणि तास संपेल. याला मी माया समजत होते.

उर्दूत अशा व्यक्तीला 'माजूर' म्हणतात. हा शब्द 'उज्र'पासून आला. उज्र म्हणजे सबब, अडचण. माजूर म्हणजे ज्याची सबब मान्य झाली, ज्याला माफ आहे असा. आपल्या घरांत, मोहल्ल्यात हा शब्द सहज वापरला जातो आणि वापरणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण शब्द आपलं काम करत राहतो. ज्याला सगळं माफ आहे, त्याला कोणी काही विचारत नाही. पाहुणे आले की आईला विचारतात, "ये खाती क्या? ये चाय पीती क्या?" डॉक्टर बापाला विचारतात, "कुठे दुखतंय याला?" वीस-बावीस वर्षं ज्याला एकही प्रश्न थेट विचारला गेला नाही, त्याला आपण एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला पाठवतो. मुलाखत म्हणजे तरी काय? अनोळखी माणसांनी विचारलेले प्रश्न. ज्या गोष्टीतून त्याला जन्मभर सूट दिली, तिचीच परीक्षा.

आणि गंमत अशी की ज्या धर्मशास्त्रात 'माजूर' हा शब्द येतो, तिथे त्याचा अर्थ आपण समजतो तसा नाहीच. उभं राहता येत नसेल त्यानं बसून नमाज पढावी. बसता येत नसेल तर पडून. तेही होत नसेल तर इशाऱ्यानं. म्हणजे सवलत पद्धतीत आहे, नमाज तर कायमच आहे. आपण उलटं केलं. पद्धत बदलायचे कष्ट नकोत म्हणून कामच माफ करून टाकलं. मराठी शिकवताना मला नेहमी वाटतं, 'माजूर' आणि 'मजूर' यांत फक्त एका कान्याचं अंतर आहे. आमच्या मुलांना तो काना पुसून हवा आहे. त्यांना काम करायचं आहे.

त्या रिक्षातल्या वाक्यानंतर मी दर रविवारी शाळेतली एक खोली मागून घेतली. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली. सुरुवातीला ती आणि अजून दोघं होती. नंतर सात-आठ जण येऊ लागले. त्यात शेजारच्या मराठी शाळेतून शिकलेलेही होते. आम्ही तिथे मुलाखतीचा सराव करतो. मी काही तज्ज्ञ नाही. पण या वर्षांत जे शिकले ते इथे लिहिते, कारण ते कुठल्याही शिक्षकाला, कुठल्याही आई-बापाला करता येईल असं आहे.

पहिला नियम, पालक बाहेर. पहिल्याच रविवारी एक आई अडून बसली. "इसकू क्या पूछते टीचर, मेरेकू पूछो, मैं बताती." तिला चहा देऊन व्हरांड्यात बसवावं लागलं. दुसरा नियम माझ्यासाठी होता. मी कुणाचं वाक्य पुरं करणार नाही. हा नियम पाळणं किती कठीण आहे हे करून बघा. समोरचा अडखळतो, शब्द तुम्हाला कळलेला असतो, तो तुमच्या जिभेवर येऊन बसतो. मी टेबलाखाली बोटं मोजते. वीसपर्यंत मोजावं लागत नाही, बहुतेक वेळा बारा-तेराला उत्तर येतं. आपण तेवढंही थांबत नसतो.

तिसरा नियम तीन वाक्यांचा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगितलं, स्वतःची ओळख करून दे. सगळ्यांची उत्तरं जवळजवळ सारखी आली. "मी अपंग आहे, पण खूप मेहनत करीन. मला एक संधी द्या." मी चपापले. हे वाक्य माझंच होतं. त्या पतसंस्थेत मीच बोलले होते. आपणच त्यांना हे शिकवलं आहे. हात पुढे करायचा, मग दयेवर सोडायचं. मी फळ्यावर 'संधी द्या' लिहून त्यावर काट मारली आणि त्याजागी तीन प्रश्न लिहिले. मला काय येतं? मी ते कसं करते? त्यासाठी मला काय लागेल?

तिला ही तीन वाक्यं तयार करायला तीन रविवार लागले. शेवटी ती म्हणाली, "मी टॅलीत जीएसटीसकट व्हाउचरच्या नोंदी करते. एका हातानं टाइप करते, म्हणून वेग कमी आहे, पण नोंद पहिल्या वेळीच बरोबर होते. मला बोलायला वेळ लागतो, माझं वाक्य पुरं होऊ द्या. कळलं नाही तर परत विचारा, मला राग येत नाही." यात कुठे रडणं नाही, कुठे शौर्य नाही. ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळतं. माझा अनुभव असा की समोरचे लोक बरेचदा दुष्ट नसतात, घाबरलेले असतात. काय बोलावं, कुठे बघावं, मदत करावी की नको, हे त्यांना कळत नाही. त्यांची ती अडचण सोडवण्याची जबाबदारी खरं तर उमेदवाराची नाही. पण जो ती सोडवतो, त्याच्याशी पुढचा प्रश्न कामाचा विचारला जातो.

इथे मराठीचाही मुद्दा आहे. आमची मुलं उर्दू माध्यमातली. ती "मला वेल लागतो" म्हणाली होती. माझ्यातली मराठीची शिक्षिका ताडकन उठली, 'वेल' नव्हे, 'वेळ'! पण एका वाक्यासाठी एवढा जोर लावणाऱ्या मुलीला मध्येच 'ळ'साठी अडवायचं? मी चूक वहीत टिपली, नंतर सांगितली. मात्र एक गोष्ट पक्की केली. प्रत्येकानं आपल्या कामाचे चाळीस शब्द मराठीत घोटून घ्यायचे. हिशेबाच्या कामाला जाणाऱ्यानं जमा, नावे, थकबाकी, पावती, ताळेबंद. औषधाच्या दुकानात जाणाऱ्यानं मुदत, साठा, मागणी. बाकी व्याकरण चुकलं तरी चालेल, कामाचा शब्द चुकला की समोरच्याला वाटतं याला कामच येत नाही.

आमच्यात एक अंध मुलगा आहे, आता पंचविशीचा. त्याच्याकडून मी जे शिकले ते बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला म्हणाले, समज मी मालक आहे, मला तू काम कसं करतोस काहीच माहीत नाही, समजावून सांग. मला खरंच माहीत नव्हतं. त्यानं आधी ब्रेलपासून सुरुवात केली. उर्दू आपण उजवीकडून लिहितो, पण उर्दू ब्रेल डावीकडून उजवीकडे वाचतात, मराठीसारखंच. आणि भारती ब्रेलमध्ये मराठीचा 'ब' आणि उर्दूचा 'बे' हे दोन्ही त्याच दोन ठिपक्यांनी लिहितात. दोन लिप्या शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली आणि त्या दोन्ही याच्या बोटाखाली एक आहेत, हे मला चाळिशीत कळलं! मग त्यानं संगणक दाखवला. एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं, ते पेनड्राइव्हवरूनही चालतं. तो इतक्या वेगानं ऐकतो की मला एकही शब्द कळला नाही.

त्यातून आम्ही ठरवलं की पटवत बसायचं नाही, दाखवायचं. तो आता मुलाखतीला पेनड्राइव्ह आणि स्वतःचे हेडफोन घेऊन जातो. "सर, पाच मिनिटं तुमचा संगणक मिळाला तर मी एक पत्र टाइप करून दाखवतो." काही ठिकाणी नाही म्हणतात. पण ज्यांनी हो म्हटलं, तिथे 'तुला दिसत नाही तर तू करणार काय' हा प्रश्न पुन्हा आला नाही.

छोट्या गोष्टींचाही सराव लागतो. सहीसाठी जाड पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापून दिली, ती ओळीवर ठेवली की सही इकडेतिकडे जात नाही. कागदपत्रांच्या फाइलमध्ये पदवीच्या प्रतीला एक टाचणी, यूडीआयडी कार्डाच्या प्रतीला दोन, अनुभवाच्या दाखल्याला तीन, म्हणजे मागितलेला कागद त्याचा तो काढून देतो. खोलीत गेल्यावर विचारायचं, "नमस्कार, खोलीत कोण कोण आहेत?" लोक आपापली नावं सांगतात आणि आवाजावरून तो त्या बाजूला तोंड करून बोलतो.

ज्यांचं अपंगत्व दिसत नाही त्यांची अडचण वेगळी. एका मुलाला कमी ऐकू येतं. यंत्र दिसू नये म्हणून तो केस वाढवून कानावर घ्यायचा आणि प्रत्येक प्रश्नाला मान डोलवून "हो" म्हणायचा. एका ठिकाणी विचारलं, "आधीची नोकरी का सोडली? भांडणबिंडण झालं का?" तो म्हणाला, "हो." हे त्याला नंतर दुसऱ्या उमेदवाराकडून कळलं. सांगताना तोही हसत होता, पण हसू कसलं ते मला दिसत होतं. सांगावं की लपवावं, यावर आमच्याकडे वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे. तुमचा आजार, ऑपरेशनं, घरातले नवस हे कुणालाही सांगायची गरज नाही. पण काम करायला किंवा प्रश्न समजायला जे लागतं, ते पहिल्या मिनिटात सांगावं. तो आता म्हणतो, "मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून बोललात तर कळतं. नाही कळलं तर हा कागद आहे, लिहून द्या." केस कापले आहेत.

मुलाखतीआधी फोन करायलाही शिकवतो. कितवा मजला, लिफ्ट आहे का, पायऱ्या किती, बसायला खुर्ची आहे का. आमची मुलं या फोनला फार घाबरतात. "आधीच सांगितलं तर बोलावणारच नाहीत." होतं असं कधी कधी. पण तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत घामाघूम होऊन, धाप लागलेल्या अवस्थेत पहिलं उत्तर देण्यापेक्षा हे बरं.

आणि हे मागणं म्हणजे मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. सरकारी नोकरीतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के झालं, त्यासाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. लेखी परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासाला किमान वीस मिनिटं जास्तीची मिळतात. या कायद्यात 'वाजवी सोय' अशी एक कल्पना आहे. समोरच्यावर अवाजवी भार न टाकता, त्या माणसाला इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून केलेला बदल. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली विकास कुमार यांच्या प्रकरणात असंही सांगितलं की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिकासारख्या सोयीसाठी ती अडसर ठरू नये. मी मुलांना हे सगळं वाचायला लावते. भांडण्यासाठी नव्हे, ताठ बसण्यासाठी. आपण मागतो आहोत ते भीक नाही हे ठाऊक असलं की आवाज बदलतो.

कुणी म्हणेल, सरकारी नोकऱ्यांत आता मुलाखती राहिल्याच कुठे? खरं आहे. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या. आमच्या मुलांसाठी ते चांगलंच झालं. पण आमच्यातल्या किती जणांना सरकारी नोकरी मिळणार? बाकीचे पतसंस्था, दवाखाना, मेडिकल स्टोअर, सीएचं ऑफिस, खासगी शाळा, कॉल सेंटर यांच्याच दारात उभे राहतात. तिथे लेखी परीक्षा नसते, समोर बसलेला एक माणूस असतो.

आता एक आक्षेप, जो माझ्या रविवारच्या खोलीतूनच आला. तो अंध मुलगा म्हणाला, "टीचर, जिन्याला रॅम्प नाही, फॉर्म स्क्रीन रीडरनं वाचता येत नाही, आणि सराव मात्र आम्ही करायचा? त्यांना कोण सराव देणार?" याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. त्याचं बरोबर आहे. गोड बोलून पायऱ्या कमी होत नाहीत. प्रांजल पाटील या उल्हासनगरच्या मराठी मुलीचं उदाहरण घ्या. दृष्टी नसताना त्या यूपीएससी उत्तीर्ण झाल्या, पण दिसत नाही या कारणावरून रेल्वेच्या सेवेत घेतलं गेलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, वरचा क्रमांक मिळवला आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. आपण ही गोष्ट प्रेरणा म्हणून सांगतो. मला त्यात आधी लाज दिसते. मुलाखत पार केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा स्वतःला सिद्ध का करावं लागलं?

शिवाय अशा मोठ्या उदाहरणांचा एक तोटा आहे. त्यामुळे आमच्या साध्या मुलांवर ओझं येतं. दिव्यांग असाल तर एक तर दयेचा विषय व्हा, नाहीतर आयएएस व्हा, मधलं काही नाही. माझ्या खोलीतल्या मुलांना महिना बारा-पंधरा हजारांची, वेळेवर पगार देणारी साधी नोकरी हवी आहे. इतरांना जशी मिळते तशी. सामान्य असण्याचा हक्क त्यांनाही आहे.

म्हणून मी त्या मुलाला एवढंच म्हणाले, सराव दोन्हीकडे लागेल. तुझा मी घेते. त्यांचा घ्यायला मात्र हा लेख लिहिते आहे.

तर आता थोडं आपल्या लोकांशी. रमजानमध्ये आपल्याकडे जकात निघते, सदका निघतो. दिव्यांगांना तीनचाकी सायकली, शिलाई मशीन, किराण्याचं पाकीट दिलं जातं. ज्याला गरज आहे त्याला ते जरूर द्यावं. पण एका वर्षी त्या बी.कॉम. मुलीच्या घरी लोक शिलाई मशीन घेऊन आले. सोबत फोटो काढणारा. तिचे हात थरथरतात, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. तिला टॅली येतं. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं! मशीन घरात आलं, फोटो निघाला, आता त्यावर घड्या घातलेले कपडे ठेवतात.

आपण व्याख्यानांत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम यांचं नाव आदरानं घेतो. ते अंध होते. पैगंबरांनी (स.) त्यांना अजान देण्याचं काम सोपवलं आणि स्वतः मदिनेबाहेर जाताना मदिनेची जबाबदारीही त्यांच्याकडे दिली. त्यांना अंध म्हणून वेगळं बसवलं नाही, काम दिलं. लोक त्या कामासाठी त्यांच्यावर अवलंबून होते. 'अबस' ही सूरत त्यांच्याच प्रसंगावरून उतरली हे आपल्यातल्या लहान मुलांनाही माहीत असतं. मग आपल्या शिक्षणसंस्थांत, आपल्या दुकानांत, आपल्या दवाखान्यांत किती दिव्यांग कामाला आहेत? किती मशिदींच्या आणि मदरशांच्या दाराला रॅम्प आहे? मी बोट दाखवते ते आधी स्वतःकडे. आमच्या शाळेतही माझी रविवारची खोली तळमजल्यावर मिळावी म्हणून मला दोन वेळा अर्ज करावा लागला.

पैसे नको म्हणत नाही, पण त्याहून स्वस्त आणि अवघड अशी एक गोष्ट मागते. तुमच्यातलं कुणी बँकेत आहे, कुणी सीए आहे, कुणाचं दुकान आहे. महिन्यातून एक तास या. समोर बसा आणि आमच्या मुलांना खरे प्रश्न विचारा. दया दाखवून नाही, नोकर ठेवायचा आहे असं समजून. उत्तर चुकलं तर चुकलं म्हणा. आमच्या मुलांना आजवर "छान, छान" खूप मिळालं आहे. "इथे चुकलास, हे शिकून ये" असं म्हणणारा माणूस मिळालेला नाही.

याचं मोल मला कसं कळलं ते सांगते. पतसंस्थेनंतर वर्षभरानं तिची आणखी एक मुलाखत झाली, एका व्यापारी पेढीत. या वेळी मी बाहेर, कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझ्या मनात नको ते विचार. ती बाहेर आली ती बावीस मिनिटांनी, रागानं लाल. नोकरी मिळाली नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "उनो बोले, टाइपिंग स्लो है. दिवसाला जेवढ्या नोंदी लागतात तेवढ्या माझ्याकडून होणार नाहीत." आणि मग तिचा चेहरा बदलला. "टीचर, उनो मेरे काम के बारे में बोले."

तोपर्यंत तिला नाकारणाऱ्या प्रत्येकानं तिच्याकडे बघून नाकारलं होतं. पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कामाकडे बघून नाकारलं. ते दुःख इतर बेकार मुलांसारखंच होतं. त्यावर इलाज होता. तिनं कीबोर्डचे शॉर्टकट शिकायला घेतले, नेहमीच्या नोंदींचे नमुने आधीच तयार करून ठेवायची पद्धत बसवली. चौथ्या मुलाखतीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात तिला काम मिळालं. सुरुवातीला अर्धवेळ, आता पूर्णवेळ. पगार फार नाही. मार्च महिन्यात घरी यायला उशीर होतो, मालक ओरडतो, ती माझ्याकडे त्याच्या तक्रारी करते. नोकरी करणारी कुठलीही मुलगी करते तशा.

बाकीच्यांचं सगळं सुरळीत झालं असं नाही. अंध मुलगा अजून शोधतो आहे. दोन ठिकाणी संगणक दाखवायला दिला, कामही आवडलं, पण "बघू" म्हणाले. तो दर रविवारी येतो आणि नव्या मुलांच्या मुलाखती आता तोच घेतो. माझ्यापेक्षा कडक.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल तर मुलाखतीची वाट बघू नका. तयारी पाचवीत सुरू होते. उद्या त्याला एक प्रश्न विचारा, अगदी साधा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वर्ग चुळबुळ करेल, कुणी हसेल, तास दोन मिनिटं मागे पडेल. पडू द्या. आणि पालकांनो, पाहुण्यांनी तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला विचारलं तर एवढंच म्हणा, "त्यालाच विचारा." मग मात्र तुम्ही गप्प बसा. मला माहीत आहे, ते किती कठीण असतं.